सहीवर उडणारं विमान

एअर शोमध्ये विमान उतरलं की लोक वैमानिकाभोवती सह्यांसाठी गर्दी करतात. करू देत. उमेदीची वर्षं हवाई दलात इंजिन फिटर म्हणून काढलेल्या माणसाची नजर मात्र वेगळीकडे जाते. विमानाच्या पोटाखाली वाकून बघणारे, ओव्हरऑलच्या खिशात चिंधी कोंबलेले, तेलाने बोटं काळी झालेले तीन-चार जण तिथे असतात. विमान सोडण्याआधी कागदावर सही त्यांची लागते. आमच्याकडे त्या कागदाला एफ-सातशे म्हणतात. तो फॉर्म इंग्रजांच्या हवाई दलाकडूनच आपल्याकडे आला. त्यावर सही केली म्हणजे, ‘माझ्या ट्रेडचं काम मी केलंय, बघितलंय, पुढे काही झालं तर मला विचारा.’ मग वैमानिक सही करतो आणि विमान त्याच्या ताब्यात जातं.

मी सत्तरच्या दशकात पुण्याजवळ लोहगावला कॅनबेरा बॉम्बरवर होतो. मुलगा पुढे इंग्लंडात लेस्टरला नोकरीला लागला. त्याच्या घरापासून जवळच ब्रंटिंगथॉर्प नावाचा जुना धावपट्टीचा तळ आहे. तिथे काही माणसांनी चौदा वर्षं जमिनीवर उभं असलेलं एक बॉम्बर पुन्हा उडवलं. ते व्हल्कन, नंबर एक्सएच ५५८. मी ते आकाशात पाहिलं आणि त्याचा नादच लागला. या विमानाची गोष्ट सांगणारे बहुतेक जण फॉकलंडच्या युद्धापासून सुरुवात करतात. मला ती सह्यांच्या बाजूने सांगायचीय.

व्हल्कन बनवलं अ‍ॅव्हरो कंपनीने. नाव ओळखीचं वाटेल, कारण कानपूरला आपण जी ‘अ‍ॅव्हरो’ बनवली, ती याच घरातली. मुख्य रचनाकार रॉय चॅडविक, दुसऱ्या महायुद्धातल्या लँकेस्टर बॉम्बरचा कर्ता. त्रिकोणी पंखाच्या या विमानाचा पहिला आराखडा त्याच्या हाताखाली झाला. पण ते उडालेलं बघायला तो राहिला नाही. २३ ऑगस्ट १९४७ रोजी वुडफर्डहून ट्यूडर नावाच्या प्रवासी विमानाच्या चाचणी उड्डाणाला तो गेला आणि विमान उडताच कोसळलं. चौकशीत निघालं की एलेरॉनची, म्हणजे विमान कलवणाऱ्या पंखावरच्या हलत्या फळीची, जोडणी उलटी झाली होती. वैमानिकाने एका बाजूला वळवायचं म्हटलं की विमान दुसऱ्या बाजूला कलत होतं. म्हणजे हँगरमध्ये कुणीतरी केबल जोडली, कुणीतरी तपासली, आणि उड्डाणाआधी दांडा हलवून एलेरॉन कुठल्या बाजूला उठतोय हे डोळ्यांनी कुणी बघितलं नाही. मिनिटभराचं काम. प्रशिक्षणात आम्हाला ते इतक्या वेळा करायला लावायचे की झोपेतही हात हलायचे. ते कशासाठी, हे चॅडविकच्या मरणाइतकं स्वच्छ दुसऱ्या कशानेच कळत नाही.

पहिलं व्हल्कन ३० ऑगस्ट १९५२ रोजी उडालं. १९५५ साली फार्नबरोच्या शोमध्ये रोली फॉक या चाचणी वैमानिकाने एवढं मोठं बॉम्बर हवेत पूर्ण गिरकी मारून दाखवलं. त्याचं कौतुक आजवर चालू आहे. १९५२ साली उडालेल्या त्या पहिल्या विमानाचं पुढे काय झालं हे कमी लोक सांगतात. सप्टेंबर १९५८ मध्ये सायरस्टनच्या तळावर, लोकांसमोरच, खालून वेगात जाताना त्याचा पंख फाटला. आतले चौघे गेले, जमिनीवरचे तिघे गेले. एअर शोमध्ये विमानाला काय सोसावं लागतं, ते व्हल्कनच्या बाबतीत असं सुरुवातीलाच दिसलं होतं.

व्हल्कन मुळात फार उंचावरून जाऊन अणुबॉम्ब टाकण्यासाठी होतं. १९६० साली रशियाने गॅरी पॉवर्सचं अमेरिकन हेरविमान, यू-टू, क्षेपणास्त्राने पाडलं आणि उंची हे काही संरक्षण राहिलं नाही. मग या बॉम्बरांना रडारखालून, जमिनीलगत उडायला शिकवलं. खालची हवा खडबडीत. पंख सतत वर-खाली लवतात आणि धातू थकतो. व्हल्कनचंच भावंड म्हणावं असं व्हॅलियंट बॉम्बर १९६५ साली पंखाच्या कण्यात तडे सापडल्यामुळे सगळंच्या सगळं मोडीत काढलं. व्हल्कन टिकलं, पण त्याच्या थकव्याचा हिशेब प्रत्येक उड्डाणानंतर ठेवला जाऊ लागला. विमान उतरलं की फटीग मीटरचे आकडे उतरवून घ्यायचे, रजिस्टरला चढवायचे. कंटाळवाणं काम आहे. विमान उडवणाऱ्याला या आकड्यांचं काही वाटत नाही, कागद ठेवणाऱ्याला वाटतं.

फॉकलंडबद्दल थोडक्यात. १९८२ च्या वसंतात व्हल्कन निवृत्तीच्या दारात होतं आणि अर्जेंटिनाने ब्रिटनची ती बेटं घेतली. ३० एप्रिलच्या रात्री असेन्शन बेटावरून एक व्हल्कन निघालं. वाटेत व्हिक्टर टँकरांनी त्याला पुन्हापुन्हा इंधन पाजलं. पहाटे पोर्ट स्टॅनलीच्या धावपट्टीवर एकवीस बॉम्ब टाकून ते सुमारे सोळा तासांनी परत आलं. कॅप्टन मार्टिन विदर्स. मला यात सगळ्यात भावतो तो सुट्या भागांचा किस्सा. हवेत इंधन घेण्याची सवय मोडून वर्षं झाली होती, नाकावरच्या नळ्या काढून टाकलेल्या होत्या. त्या शोधायला माणसं निघाली ती थेट संग्रहालयांकडे. अमेरिकेत प्रदर्शनासाठी दिलेल्या व्हल्कनच्याही नळ्या उतरवून आणल्या. संग्रहालयात ठेवलेलं विमान म्हणजे मेलेलं विमान, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

एकवीसपैकी एक बॉम्ब धावपट्टीवर पडला. अर्जेंटिनाची हर्क्युलिस विमानं शेवटपर्यंत तिथे उतरतच राहिली. हे वाचलं की मला गोव्यातली दाबोळी आठवते. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या कारवाईत, पुण्याहून गेलेल्या आमच्या कॅनबेरांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तरीही पोर्तुगीजांनी खड्डे बुजवून त्याच रात्री दोन प्रवासी विमानं पळवली. मी भरती झालो तेव्हा त्या कामगिरीतली विमानं ओढलेले जुने सार्जंट लोहगावला होते. त्यांच्या बोलण्यात बॉम्ब कुठे पडले ते कमी यायचं. रात्रभरात किती काडतुसं जाळली, ते जास्त. कॅनबेराचं इंजिन काडतुसाने चालू व्हायचं. डब्याएवढं काडतूस स्टार्टरमध्ये बसवायचं, फटाक्यासारखा आवाज, मग काळा धूर. कॉर्डाइटचा तो उग्र वास कपड्यांना धरायचा आणि बायको म्हणायची, ‘दिवाळी करून आलात का?’ धुराचा रंग नेहमीसारखा नसला, की आम्ही जवळ जात नसू.

तर एक्सएच ५५८. हे १९६० साली हवाई दलात आलं. १९८२ मध्ये टँकरांची टंचाई झाली तेव्हा सहा व्हल्कन इंधन पाजणारी केली, त्यात हे होतं. बाकीची व्हल्कन भंगारात किंवा संग्रहालयात गेली आणि हे एकटं लोकांना दाखवण्यापुरतं उडत राहिलं. १९९२ पर्यंत. पुढची मोठी सर्व्हिसिंग करायला पैसा घालणं सरकारला परवडेना. लोकांनी सह्या गोळा केल्या, त्या उपयोगी पडल्या नाहीत. २३ मार्च १९९३ ला ते उडून ब्रंटिंगथॉर्पला आलं आणि वॉल्टन कुटुंबाने ते विकत घेतलं. घेताना त्यांनी एक शहाणपणा केला. विमानाबरोबर गोदामातला सुट्या भागांचा साठाही उचलला आणि ओव्हरहॉल करून सील केलेली, त्यानंतर एक तासही न चाललेली आठ ऑलिंपस इंजिनं पदरात पाडून घेतली. पुढे जे काही झालं ते या आठ इंजिनांमुळे झालं. ऑलिंपसचंच पुढचं रूप काँकॉर्डला बसलं होतं, पण ते इथे चालत नाही, आणि व्हल्कनचं इंजिन नव्याने कुणी बनवून देणार नव्हतं.

डॉ. रॉबर्ट प्लेमिंग हे नाव इथे येतं. विमान पुन्हा उडवायचं म्हणून त्यांनी माणसं जमवली, व्हल्कन टू द स्काय ट्रस्ट उभा केला. मी समजत होतो, अडचण पैशाची असेल. पैशाची होतीच. लॉटरीच्या पैशांवर चालणाऱ्या हेरिटेज फंडाने २५ लाख पौंडांहून जास्त रक्कम दिली तरी ती पुरली नाही. २००६ मध्ये काम बंद पडायची वेळ आली तेव्हा सर जॅक हेवर्ड यांनी ५ लाख पौंड दिले. बाकीचं हजारो सामान्य माणसांच्या वर्गणीतून आलं. पण पैशाआधी पाहिजे होती परवानगी, आणि परवानगीसाठी सही.

ब्रिटनच्या विमान नियामकांचा नियम असा की साधं जुनं लष्करी विमान खासगी माणसाला उडवता येतं. व्हल्कनसारखं गुंतागुंतीचं असेल, तर ते ज्याने बनवलं त्या कारखान्याने, किंवा त्याच्या वारसाने, पाठीशी उभं राहायला हवं. अ‍ॅव्हरो कधीच हॉकर सिडलीत विरघळली होती, तिची ब्रिटिश एरोस्पेस झाली, मग बीएई सिस्टीम्स. इंजिन ब्रिस्टलचं, ते रोल्स-रॉइसकडे आलेलं. तिसरी केंब्रिजची मार्शल एरोस्पेस, जिने तांत्रिक जबाबदारी घेतली. विमान खोलणं, नळ्या बदलणं, तारा ओढणं, एक्स-रे काढून तडे शोधणं ही कामं २००५ पासून ब्रंटिंगथॉर्पच्या हँगरमध्ये चालली. त्यातला प्रत्येक भाग कुठला, किती चालला, कुणी तपासला याचा कागद हवा. कागद नसेल तर भाग दिसायला कितीही नवा असो, तो भंगार. आमचे वॉरंट ऑफिसर हे रोज ऐकवायचे.

१८ ऑक्टोबर २००७ ला ते उडालं. चौतीस मिनिटं. योगायोग असा की त्याच वर्षीच्या मे महिन्यात आग्र्याला आपल्या हवाई दलाने कॅनबेराला निरोप दिला होता, पन्नास वर्षांच्या नोकरीनंतर. इकडे एक थांबलं, तिकडे एक सुरू झालं. आमच्या जुन्या मंडळींच्या गप्पांत हे दोन्ही विषय एकाच चहावर निघाले.

मी ते पाहिलं ते पुढच्या एका उन्हाळ्यात. गवतावर खुर्च्या टाकून बसलेली माणसं, थर्मास, सँडविचचे डबे, म्हातारे, कडेवरची पोरं. पहिल्यांदा ते लांबून अगदी शांतपणे आलं. मग वैमानिकाने नाक वर करून इंजिनं मोकळी सोडली आणि ते ओरडलं. हवा घेणाऱ्या तोंडातून, इंजिन जोरात असताना, हा आवाज निघतो. इंग्रज त्याला व्हल्कनचा हाउल म्हणतात. ऐकून पार्किंगमधल्या मोटारींचे अलार्म वाजायला लागले. शेजारचा गृहस्थ रडत होता. मी मोजत होतो. वर खेचलं, पुन्हा कमी केलं, पुन्हा खेचलं. एसटीची गाडी किलोमीटरवर जोखतात, पण जेट इंजिनाचं आयुष्य अशा चढ-उतारांवर जातं, कारण प्रत्येक वेळी आतल्या चकत्या तापतात आणि निवतात. आठ इंजिनं होती, विमानाला एका वेळी चार लागतात. लोकांना जे ऐकायला हवं होतं तेच तर संपत होतं.

मग मे २०१२. विमान आता डॉनकास्टरच्या विमानतळावर होतं. उड्डाणासाठी धावपट्टीवर निघालं आणि डाव्या बाजूची दोन्ही इंजिनं गेली. कारण सिलिका जेलच्या पिशव्या. बुटांच्या खोक्यात मिळते तीच वस्तू, मोठ्या आकारात. विमान उभं असताना दमट हवेने आत गंज धरू नये म्हणून त्या हवेच्या तोंडात ठेवतात. उडण्याआधी काढायच्या असतात. त्या एका इंजिनात ओढल्या गेल्या, त्याचे तुकडे शेजारच्या इंजिनात गेले. आठातली दोन एका क्षणात कमी झाली. यावर इंग्लंडात कुणी कुणाला काय बोललं त्यात मला रस नाही. एवढं सांगतो की लाल फीत यासाठीच असते. आत ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला बाहेर लोंबणारी लाल फीत, आणि फितींची मोजणी. लोहगावला आम्ही रोज सकाळी रांगेने धावपट्टीलगत चालत खडा, खिळा, तारेचा तुकडा वेचायचो. घारींचा आणि कुत्र्यांचा बंदोबस्त वेगळाच. नव्या पोरांना ती झाडलोट कमीपणाची वाटायची.

विमान त्याच मोसमात परत उडालं. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तर त्यांनी याहून अवघड काम केलं. पंखांचं आयुष्य वाढवण्यासाठी मजबुतीच्या पट्ट्या बसवल्या. मॉडिफिकेशन नंबर २२२१. हे काम पूर्वी हवाई दलाच्या व्हल्कनवर झालं होतं. ते करायला लागणारी हत्यारं, नकाशे आणि आठवण, तिन्ही पुन्हा गोळा करावी लागली. भोक एकदा चुकीच्या जागी पाडलं की ते परत भरता येत नाही. हवेतल्या गिरक्यांपेक्षा मला या कामाचं कौतुक जास्त वाटतं.

एवढं करून मे २०१५ मध्ये ट्रस्टने जाहीर केलं की हा शेवटचा मोसम. बीएई, मार्शल आणि रोल्स-रॉइस, तिघांनीही पाठिंबा पुढे चालू ठेवणार नाही असं कळवलं होतं. विमान दुसऱ्या कुठल्याही व्हल्कनपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त तास उडून झालं होतं, म्हणजे पुढे काय होऊ शकतं याचा अनुभव कुणाकडेच नव्हता. आणि ज्यांना अनुभव होता ती माणसं निवृत्त झाली होती. लोक त्या कंपन्यांवर चिडले. मी चिडलो नाही. पंचविशीतल्या इंजिनियरने, ज्याने व्हल्कनला हातही लावलेला नाही, त्याने सत्तरीतल्या माणसाच्या आठवणीवर भरवसा ठेवून सही कशी करायची? वर्षाला सुमारे वीस लाख पौंड लागायचे, ते दरवर्षी कसेबसे जमत होते. सही करणारा माणूस मात्र वर्गणीतून मिळत नाही.

त्याच ऑगस्टमध्ये शोरहॅमच्या शोमध्ये एक हॉकर हंटर कोसळलं. हंटर म्हणजे आपल्याला लोंगेवालामुळे ठाऊक असलेलं विमान. ते लूप मारताना शेजारच्या हमरस्त्यावर पडलं आणि अकरा माणसं गेली. त्यातली बरीचशी शो बघायला आलेली नव्हती, रस्त्याने जात होती. त्यानंतर जुन्या जेट विमानांना जमिनीच्या भागावरून उडताना कसरती बंद झाल्या, नुसतं सरळ जायचं. त्यात अन्याय झाला असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. तिकीट काढून आलेल्याने धोका पत्करलेला असतो, मोटारीत बसून घरी निघालेल्याने नाही.

२८ ऑक्टोबर २०१५ ला व्हल्कन डॉनकास्टरहून शेवटचं उडालं. चालवायला मार्टिन विदर्सच होते, फॉकलंडवाले. प्लेमिंग २०२१ मध्ये वारले. २०२२ मध्ये विमानतळच बंद पडला, विमान मात्र तिथेच उभं राहिलं. साउथएंड आणि वेल्सबर्नला आणखी दोन व्हल्कन जिवंत आहेत. ती धावपट्टीवर नुसती पळवायचे, उडवायचे नाहीत, म्हणून त्यांना तेवढी परवानगी लागत नसे. त्यातलं वेल्सबर्नचं सप्टेंबर २०२२ मध्ये पळताना वेळेत थांबलं नाही आणि धावपट्टी संपून पुढे गवतात गेलं.

आपल्या हवाई दलाकडेही जुन्या विमानांची एक तुकडी आहे. त्यात टायगर मॉथ, हार्वर्ड आणि ‘परशुराम’ नावाचं डाकोटा. डाकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन २०१८ मध्ये उडत इकडे आलं. तिन्ही पंख्यावर चालणारी. जेट एकही नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं, तेव्हापासून ओळखीतले लोक विचारतात, एक तरी उडतं ठेवणार नाही का? गावोगावच्या चौकात खांबावर चढवलेली मिग बघून त्यांचं समाधान होत नाही, माझंही नाही. मला विचाराल तर व्हल्कनपेक्षा हे सोपं आहे. विमान नाशिकजवळ ओझरला बनलं, इंजिन ओडिशात कोरापुटला. कारखाने आपले, कागद आपले. पण हे आता करायला हवं. एक बरं विमान, सीलबंद इंजिनं जितकी मिळतील तितकी, टायर, आसनाखालची काडतुसं, सगळे नकाशे आणि सगळी रजिस्टरं एका हँगरमध्ये आणून ठेवायची. मग ओझर आणि कोरापुटहून मिगवर सह्या केलेले, पन्नाशीतले पाच-सहा फिटर बोलवायचे, निवृत्त झाले असतील तर घरी जाऊन आणायचे, आणि प्रत्येकाच्या हाताखाली दोन-दोन पोरं लावायची.